उपकारस्तुतीचे पाकीट

रविवारची उपासना संपली, की आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, फाटकासमोरच्या कट्ट्यावर आम्ही चौघे चहासाठी थांबतो. त्या दिवशी दुसरा चहा झाला तरी कोणी उठले नाही. दोन महिन्यांपूर्वी विधवा झालेल्या आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी दानथैलीत उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या दानाचे, पाकीट टाकले होते, आणि पाळकसाहेबांनी त्यावरचा मजकूर वाचून दाखवला होता : ‘पतीच्या ३८ वर्षांच्या सोबतीबद्दल.’

मास्तरांना ते सहन झाले नव्हते. “ज्याने नेले त्याचेच आभार? तेही चारचौघांत?” मागच्या वर्षी त्यांचा तरुण मुलगा गेला, हे आम्हा सर्वांना ठाऊक असल्यामुळे थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

मग दादा म्हणाले, की बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे सांगतो, ‘सर्व स्थितीबद्दल’ असे सांगत नाही, आणि बाईंनीही मरणाचे आभार मानलेले नाहीत. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. ज्या गावातून पौलाला रातोरात निघून जावे लागले, तिथल्या छळ सोसणाऱ्या माणसांना त्याने हे लिहिले, आणि त्याच पत्रात आपल्या मृतांसाठी शोक करणाऱ्यांना तो आशेचा शब्द देतो. सुखवस्तू माणसाने दुःखी माणसाला केलेला हा उपदेश नव्हे.

“पण तो तसाच वापरला जातो,” ताई म्हणाल्या. “कोणी रडू लागले, की आपण ‘देवाचे आभार मान’ म्हणून त्याचे तोंड बंद करतो. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, ते आपण दुःखाच्या घरी का वाचत नाही?” ताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. ते स्तोत्र शेवटी गायनाकडे वळते खरे, पण आधीचा आक्रोश कोणी खोडून टाकलेला नाही.

दादांनी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि ज्या मुलीवर केडगावच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमाचा पुढचा भार सोपवायचा, ती मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरीही हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत उतरवलेल्या पवित्र शास्त्राचे काम रमाबाईंनी सोडले नाही. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवीत असत. मुलीमागून जेमतेम नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या, त्या अखेरची मुद्रिते (छपाईची प्रुफे) हातावेगळी करूनच, असे सांगतात.

“त्या थोर होत्या, मी नाही,” मास्तर म्हणाले.

यावर दादांना उत्तर सुचले नाही, आणि मला वाटते, ते सुचायलाही नको होते. रमाबाईंच्या दुःखाने मास्तरांचे दुःख मोजता येत नाही. पण मुद्रित तपासणे म्हणजे एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार पाहणे. लेक गमावलेली आई सकाळी उठून त्या कागदासमोर बसली, यात थोरवीपेक्षा चिकाटी अधिक आहे, आणि विश्वासात टिकून राहणे म्हणतात ते मला तरी तिथेच दिसते. हे मी मास्तरांना सांगितले. ते ऐकत राहिले, पण मान हलवली नाही.

“मास्तर, तुम्ही मग दर रविवारी येता कशाला?” ताईंनी अगदी हळू विचारले.

“घरी बसवत नाही. त्याच्यासोबत ज्या बाकावर बसायचो, तिथे निदान बसता तरी येते.” त्यांनी रिकामा ग्लास कट्ट्यावर ठेवला. “पाकीट टाकलेच, तर मी कोरे टाकीन. लिहायला माझ्याजवळ काही नाही.”

“कोरे टाका,” ताई म्हणाल्या, “पण टाका.”