शुद्धिपत्रक आज संध्याकाळी, निविदा उद्या दुपारी!

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १६१ स्पष्ट आहे. निविदा सूचना निघाल्यापासून किंवा कागदपत्रं उपलब्ध झाल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तिथून साधारणपणे किमान ३ आठवडे द्यायचे. परदेशातून निविदा अपेक्षित असतील तर ४. सरकारी खाती ही मुदत देतातही. आणि विसाव्या दिवशी संध्याकाळी निविदा पोर्टलवर शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतला बदल कळवणारी सूचना, चढवून बीओक्यूच (कामाच्या बाबींची आणि परिमाणांची यादीच) बदलतात! मग आधीचे दिवस दिले कशाला?

बीओक्यूतली परिमाणं बदलली की दर पृथक्करण (प्रत्येक बाबीचा दर कसा बसतो त्याचा हिशोब) नव्याने, पुरवठादारांची कोटेशनं नव्याने. तांत्रिक तपशील बदलला तर उत्पादक कंपनीचं अधिकारपत्र पुन्हा मागवा, आणि ते एका रात्रीत कुणी देत नाही. निविदा आधीच भरून ठेवलेल्यांचे तर आणखी हाल. जुनी बीओक्यू फाइल राहिली म्हणून थेट बाद! विचारायला गेलं की उत्तर तयार: 'पोर्टल बघत राहणं ही निविदाकाराची जबाबदारी.'

मुदतवाढ मिळाली तरी सुटका नाही. बयाण्याची, म्हणजे निविदेसोबत द्यायच्या अनामत रकमेची, बँक हमी साधारणपणे निविदेची वैधता संपल्यावर आणखी ४५ दिवस चालू असावी लागते. वैधता निविदा उघडण्याच्या तारखेपासून मोजणार असतील तर तारीख १५ दिवस पुढे सरकली की हमी १५ दिवस तोकडी. बँकेकडून दुरुस्ती आणली नाही तर तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीतच, गच्छंती. 'हमीची मुदत वाढवून घ्या' एवढी एक ओळ शुद्धिपत्रकात लिहायला काय जातं?

सगळ्यात संताप येतो तो पात्रतेची अट गुपचूप सैल करतात तेव्हा. अट बघून जे फिरकलेच नाहीत, त्यांना कोण कळवणार? रमणा शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगितलं आहे की स्वतः घातलेली पात्रतेची अट प्राधिकरणाला मनाला येईल तशी सोडता येत नाही. तरी तेच चालू!

हरकत घ्यायची तर मुदत संपण्याआधी, लेखी, शुद्धिपत्रक चढवल्याची तारीख-वेळ दिसेल अशा स्क्रीनशॉटसकट. दर उघडल्यावर कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो: अट माहीत असून भाग घेतलात, तेव्हा का बोलला नाहीत? खात्याला मात्र कुणी विचारत नाही, की परिमाणं बदलताना तारीख का नाही बदलली?