फोल्डरचा शॉर्टकट जमत नाही, यात दोष वापरणाऱ्याचा नाही

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक उत्तर वरचेवर पुढे पाठवले जाते. कुणी नवख्याने ‘डेस्कटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट कसा ठेवायचा’ असे विचारले की तेच येते. आशय असा : शॉर्टकट बनवणे हे एका ओळीचे काम आहे. सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) म्हणजे विंडोजचा शॉर्टकटच, उलट त्याहून सरस. कमांड नको असेल तर मेनूत सोय आहे. डेस्कटॉपवर चिन्हे ठेवायची गरजच नाही, बुकमार्क वापरावेत. आणि एवढ्यावरही जमत नसेल तर दोष विंडोजच्या सवयीचा.

मी लिनक्सच वापरतो, ओळखीच्यांना बसवूनही देतो. म्हणूनच हे उत्तर मला खटकते. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे आणि नवा माणूस अडकतो तो उरलेल्या अर्ध्यात.

‘एका ओळीचे काम आहे.’ ओळ एकच आहे, हे खरे. पण समजा होममध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या मुख्य फोल्डरात, ‘फोटो’ नावाचा फोल्डर आहे आणि टर्मिनलही (कमांड लिहायची खिडकी) होममध्येच उघडले आहे. माणूस एलएन ही लिंक बनवणारी कमांड लिहितो, पुढे वजा एस, मग ‘फोटो’, मग डेस्कटॉपचा पत्ता. कमांड काही तक्रार करत नाही. डेस्कटॉपवर ‘फोटो’ नावाची लिंक तयारही होते. तिच्यात शिरायला जावे तर सिम्बॉलिक लिंकचे फार थर झाल्याची त्रुटी येते. कारण लिंकमध्ये ‘फोटो’ एवढेच अक्षरशः साठवले गेले. असा अपुरा पत्ता मोजला जातो तो लिंक जिथे आहे तिथून, कमांड जिथून दिली तिथून नव्हे. डेस्कटॉपवरचे ‘फोटो’ म्हणजे ती लिंक स्वतःच. स्वतःकडेच बोट दाखवणारी लिंक बनली आणि एलएनने हूं की चूं केले नाही.

पूर्ण पत्ता दिला की हे टळते. लिनक्सवर सहसा असलेल्या ग्नूच्या एलएनमध्ये २०१२पासून ‘आर’ हा पर्याय आहे, त्यानेही टळते. पुढे आणखी एक खड्डा आहे. लिंकचे नाव स्वतः लिहून दिलेली, अगदी बिनचूक कमांड चुकून दुसऱ्यांदा दिली, तर ती जुन्या लिंकला हात लावत नाही. ती लिंकमधून आत शिरते आणि खऱ्या फोटोंच्या फोल्डरात आणखी एक लिंक करून ठेवते. ‘एन’ पर्याय जोडला असता तर निदान ‘हे आधीच आहे’ असे कळले असते. ज्याला हे सगळे ठाऊक आहे त्याच्यासाठी काम एका ओळीचे. बाकीच्यांनी काय करायचे?

आपल्या भाषेपुरती आणखी एक अडचण आहे. फोल्डरचे नाव ‘ताईच्या लग्नाचे फोटो’ असेल तर मधल्या मोकळ्या जागांमुळे अवतरणचिन्हे लागतात. शिवाय जीनोम या लिनक्स डेस्कटॉपच्या जीनोम टर्मिनलसारख्या टर्मिनलात प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो. त्यात वेलांट्या आणि जोडाक्षरे जागच्या जागी बसत नाहीत, म्हणजे नाव बरोबर लिहिले का हे डोळ्यांनी तपासताही येत नाही. फोल्डर ओढून टर्मिनलच्या खिडकीत टाकला तर अख्खा पत्ता अवतरणचिन्हांसकट उमटतो. ही युक्ती फार उपयोगी आहे, पण त्या पाठवलेल्या उत्तरात ती नसते.

‘सिम्बॉलिक लिंक म्हणजे शॉर्टकटच, उलट सरस.’ खरा घोटाळा इथे आहे, म्हणून यावर जरा थांबतो. विंडोज ९५ने रूढ केलेला शॉर्टकट ही एक छोटी फाइल आहे. ती वाचते विंडोजचे डेस्कटॉप-आवरण. इतर कितीतरी प्रोग्रामांना ती नुसती एक परकी फाइल दिसते. सिम्बॉलिक लिंक १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आली आणि ती फाइल सिस्टिमचाच (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेचाच) भाग आहे. तिचा उलगडा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, करतो, त्यामुळे प्रोग्रामला पलीकडे खरा फोल्डर आहे असेच दिसते. डिस्क भरली की व्हिडिओंचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी लिंक ठेवावी, बहुतेक प्रोग्रामांना हे कळतही नाही. हे सामर्थ्य मोठे आहे आणि मला त्याचे कौतुक आहे.

पण गरज वेगळी असेल तर हेच सामर्थ्य आड येते. विंडोजमध्ये शॉर्टकट उघडला की माणूस खऱ्या जागी पोहोचतो, वर पत्ताही खरा दिसतो. नॉटिलसमध्ये (जीनोमचा फाइल मॅनेजर) किंवा डॉल्फिनमध्ये (केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर) लिंक उघडली की पत्त्यात डेस्कटॉपच राहतो आणि ‘वर’ गेले की पुन्हा डेस्कटॉप. पाहणाऱ्याला वाटते, फोटो दोन ठिकाणी आहेत. मग जागा मोकळी करायची म्हणून तो डेस्कटॉपवरच्या ‘प्रती’त शिरून सगळे निवडतो आणि डिलीट दाबतो. जातात ते खरे फोटो. नुसती लिंक उडवली असती तर काहीच बिघडले नसते, पण हा फरक पडद्यावर कुठेच लिहिलेला नाही. चिन्हाच्या कोपऱ्यातला छोटा बाण एवढे सगळे सांगू शकत नाही.

दुसरा फरक फोल्डर हलवल्यावर कळतो. मॅकवर १९९१च्या सिस्टिम ७मध्ये आलेला एलियस, म्हणजे तिथला शॉर्टकट, मूळ फाइलची ओळख लक्षात ठेवतो, त्यामुळे नाव बदलले किंवा जागा बदलली तरी ती सहसा सापडते. विंडोजचा शॉर्टकटही हरवलेल्या मूळ फोल्डरचा शोध घेऊन पाहतो. सिम्बॉलिक लिंकमध्ये फक्त पत्त्याची अक्षरे असतात. ‘फोटो’चे ‘जुने फोटो’ केले की लिंक मेली. नॉटिलसमध्ये अशी लिंक उघडली तर लिंक तुटली आहे, कचऱ्यात टाकू का, असे विचारले जाते. ‘नवी जागा दाखवा’ असे बटण तिथे नाही. घरातल्या वयस्कर माणसाला हा प्रश्न काय वाटेल, याचा विचार करा. ‘फोटो कचऱ्यात टाकू का?’ असाच तो वाचला जातो.

पेनड्राइव्हची गोष्टही इथलीच. एफएटी३२ आणि एक्सएफएटी या फाइल सिस्टिमना सिम्बॉलिक लिंक ठेवताच येत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हवर लिंक बनवायला गेले की परवानगी नसल्यासारखा संदेश येतो. बाहेरची डिस्क उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात एका पत्त्यावर जोडली जाते, फेडोरा या दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या. एकीकडे केलेली लिंक दुसरीकडे चालत नाही.

हल्ली यात स्नॅप आणि फ्लॅटपॅक या ॲप बंदिस्त चालवणाऱ्या पद्धतींची भर पडली आहे. होममधली लिंक दुसऱ्या डिस्ककडे नेत असेल, तर बंदिस्त चालणारे ॲप लिंकचा नव्हे, तिच्या खऱ्या ठिकाणाचा पत्ता तपासते. तिथली परवानगी त्याला दिलेली नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये छान उघडणारा फोल्डर त्या ॲपला मिळतच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण मग ‘प्रत्येक प्रोग्रामला फोल्डरच दिसतो’ हे सरसपणाचे कारण तरी पूर्वीसारखे कुठे उरले?

‘मेनूत सोय आहेच.’ डॉल्फिनपुरते हे पटण्यासारखे आहे. फोल्डर ओढून सोडला की हलवू, कॉपी करू की लिंक करू, असे तो विचारतो. हे काम असेच व्हायला हवे. नॉटिलसमध्ये मात्र ‘क्रिएट लिंक’ हा पर्याय मुळात लपवलेला असतो. प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) जाऊन तो चालू करायचा, मगच राइट क्लिकच्या मेनूत तो दिसतो. निवडल्यावर लिंक बनते ती मूळ फोल्डरच्या शेजारीच. मग ती कट करून डेस्कटॉपवर पेस्ट करायची. ज्याला ही सोय हवी आहे, त्याला ती आहे हेच कळायला मार्ग नाही.

‘डेस्कटॉपवर चिन्हे कशाला, बुकमार्क वापरा.’ जीनोमने मार्च २०१८च्या ३.२८ आवृत्तीत नॉटिलसमधून डेस्कटॉपवरची चिन्हे काढली. तो कोड जुना होता आणि पुढच्या कामात अडथळा ठरत होता, हे कारण खरे आहे. पण लोकांना चिन्हे नको होती असे त्यातून सिद्ध होत नाही. उबुंटूने १८.०४मध्ये नॉटिलस मुद्दाम ३.२६वरच ठेवला आणि पुढे एक्स्टेन्शन जोडून चिन्हे परत आणली. गरज होती म्हणूनच ना?

बुकमार्क चांगलेच आहेत. नॉटिलसमध्ये फोल्डर उघडून कंट्रोल आणि डी दाबले की तो बाजूच्या पट्टीत येतो. मात्र जीटीके ॲपची (नॉटिलससारख्या जीनोमच्या ॲपची) यादी एका फाइलीत राहते आणि डॉल्फिनची ‘प्लेसेस’ दुसऱ्या, वेगळ्या स्वरूपाच्या फाइलीत. त्यामुळे एकीकडे केलेली खूण दुसरीकडे दिसेलच असे नाही. जीनोमच्या डॅशवर (आवडत्या ॲपच्या पट्टीवर) फोल्डर ठेवावा म्हटले तर तिथे फक्त ॲप चालते. फोल्डर बसवायचा असेल तर हाताने डेस्कटॉप एंट्री फाइल (ॲपची नोंद असलेली मजकूर फाइल) लिहावी लागते.

‘सवय विंडोजची.’ मॅकवर एलियस आला तो विंडोज ९५च्या चार वर्षे आधी, म्हणजे ही गरज विंडोजने शिकवलेली नाही. ज्याने आयुष्यात फक्त फोन वापरला आहे, त्यालाही रोज लागणारी वस्तू पहिल्या पडद्यावर हवी असते. आणि ‘सवय तुमची’ असे म्हटले की पुढचे बोलणेच खुंटते. विचारणारा गप्प बसतो, तक्रार प्रोग्राम बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि पर्याय लपलेलाच राहतो. जीनोम आणि केडीई दोन्हीकडे कुणालाही तक्रार नोंदवता येते. ‘क्रिएट लिंक’ सुरुवातीपासून दिसावा, कुठे ठेवायची हे बनवतानाच विचारावे, तुटलेल्या लिंकला नवी जागा दाखवता यावी, एवढे मागण्यासारखे आहे.

तोवर कुणी विचारले तर मी असे सांगतो. रोजचा फोल्डर असेल तर नॉटिलसमध्ये तो उघडून कंट्रोल-डी. डेस्कटॉपवरच हवा असेल तर डॉल्फिनमध्ये ओढून ‘लिंक’ निवडा. नॉटिलसमध्ये आधी प्राधान्यांत ‘क्रिएट लिंक’ चालू करा. त्या चिन्हाच्या आत जे काही पुसाल ते खरेच पुसले जाईल, हे ध्यानात ठेवा. मूळ फोल्डरचे नाव बदलले तर जुनी लिंक काढून नवी करा. आणि पेनड्राइव्हवर लिंक करू नका, तिथे फोल्डरच कॉपी करा.