दोन वाजून पाच मिनिटं

‘ते दहा दिवसांत आठ देशवालं आपल्याला नको बाई. आपण निवांत जाऊ, फक्त इंग्लंड आणि फ्रान्स, खाऊ-पिऊ, फिरू,’ असं म्हणणाऱ्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण त्याहून जास्त काळजी आहे. टूरच्या बसमधल्या माणसाला रात्री साडेसातला वरण-भात मिळतो. निवांत माणसाला फ्रान्समधल्या एखाद्या सुंदर गावात, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या मिळतात.

त्याचं असं आहे, की या दोन्ही देशांत निवांतपणा भरपूर आहे, पण तो घड्याळ लावून आहे. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन आणि रात्रीचं सात-साडेसातनंतर. मधले पाच तास स्वयंपाकघर बंद. ‘काहीतरी पटकन करून द्या हो’ या वाक्याला फ्रेंचमध्ये अर्थ नाही. मोठ्या शहरांत ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ अशी पाटी दिसली, तर तिथं दिवसभर वाढतात. लहान गावात ती पाटी शोधत फिरण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात रात्रीची जेवणं सुरू होतात. ऑगस्टात तर दारावर वार्षिक सुट्टीचा कागदच चिकटवलेला असतो आणि मालक समुद्रावर गेलेला असतो. आपण त्याच्या गावात निवांत, तो आणखी कुणाच्या तरी गावात निवांत.

इंग्लंडमधल्या खेड्यातला पब हा त्याचाच भाऊ. दुपारी अडीचच्या सुमारास चूल बंद, ती सहाला पेटणार आणि रात्री नऊला पुन्हा विझणार. आता जूनमध्ये लंडनला सूर्य मावळतो नऊ वाजून वीस मिनिटांनी. ‘उजेड आहे तोवर कसलं जेवायचं’ या हिशेबानं ओढ्याकाठी बसून राहिलेलं कुटुंब भर उन्हात उपाशी राहतं. मग बिअर आणि खारे शेंगदाणे. पॅरिसमध्ये त्याच दिवसांत सूर्य दहाला मावळतो, पण तिथं निदान रात्रीचं जेवण तोवर चाललेलं असतं.

पबमध्ये आणखी एक गोची. टेबल धरून बसलं, की वेटर येईल असं वाटतं. तो येत नाही. टेबलावरचा आकडा लक्षात ठेवायचा, उठायचं, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथंच पैसे द्यायचे. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. कोण कुणाआधी आलं हे प्रत्येकाला पाठ असतं. रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी, जागा आधी सांगून ठेवावी. त्यात ‘यॉर्कशर पुडिंग’ दिसलं म्हणून शेवटी गोड खायला राखून ठेवू नये. ती मैदा, अंडं आणि दुधाच्या पिठाची, कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवलेली तिखट-गोड काहीच नसलेली वाटी आहे. ग्रेव्ही साठवायला तिचा जन्म.

इंग्लंडमधल्या मधल्या वेळेवरचा उतारा म्हणजे क्रीम टी. दोन स्कोन म्हणजे भुसभुशीत गोल पाव, स्ट्रॉबेरीचा जॅम, किटलीभर चहा आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम जवळून पाहण्यासारखं असतं. मलई मंद आचेवर तासन्‌तास तापवून, न हलवता निववली, की वर पिवळसर सुरकुतलेली खपली धरते आणि खाली लोण्यासारखा घट्ट गर राहतो. स्निग्धांश किमान ५५ टक्के. आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला ते पाहून एकच प्रश्न पडतो, की एवढी साय जमली असताना ही माणसं ती विरजत का नाहीत? ते सोडा. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम. दोन्हीकडे दुसरी पद्धत म्हणजे संस्कारांचा अभाव. मी कॉर्नवॉलच्या बाजूचा, कारण ऊन स्कोनवर आधी क्रीम लावलं, तर ते वितळून मनगटापर्यंत येतं. चहाची दुकानंही पाचच्या सुमारास मिटतात, हे विसरू नये.

चहाचं म्हणाल, तर तो कुणीही उकळणार नाही. पिशवी तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा आणि दूध नंतर घाला. इंग्लंडच्या हॉटेलात खोलीत किटली असते. फ्रान्सच्या खोलीत ती बऱ्याचदा नसते, म्हणून आपल्या चहाचं सामान असलेल्यांनी लहान किटली सोबत ठेवावी. आपला दोन गोल पायांचा मोबाइल चार्जर फ्रान्सच्या भिंतीत थेट बसतो, इंग्लंडच्या तीन चौकोनी भोकांना मात्र अडॅप्टर लागतो. खोलीत फोडणी करू नये. छतावरचं धुराचं यंत्र मोहरी तडतडायच्या आधी तडतडतं आणि अख्खं हॉटेल नाइटड्रेसवर रस्त्यावर उभं राहतं.

खरा घात होतो तो दोन देशांच्या मधे. लंडनच्या सेंट पँक्रसहून पॅरिसच्या गार द्यु नॉरला युरोस्टार रेल्वे सव्वादोन-अडीच तासांत जाते. फ्रान्स एक तास पुढे. म्हणजे साडेअकराच्या सुमारास निघालेला माणूस पॅरिसच्या घड्याळात तीनला उतरतो. स्टेशनवर तासभर आधी जायचं आणि दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकायची, म्हणून नाश्ता सातला झालेला. दुपारचं जेवण इंग्लिश खाडीखाली, साडेसदतीस किलोमीटरहून जास्त लांब समुद्राखालच्या बोगद्यात कुठंतरी विरघळून गेलं. तेव्हा एक तर सकाळी आठच्या आसपासची गाडी धरावी, नाही तर स्टेशनातून बाहेर पडून उत्तरेला ला शापेल भागात चालत जावं. तिथं श्रीलंकन तमिळ मंडळींची वस्ती आहे. पॅरिसचं पहिलं जेवण डोसा झालं म्हणून लाजू नये.

डब्यात काय न्यावं? बाकरवडी चालते. तूप, पेढे, पनीर चालत नाही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि ब्रिटन आता बाहेरच आहे.

फ्रान्समधल्या उपाशी पाच तासांना बेकरी तारते. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणायचं. न म्हणता बोट दाखवलं, तर आपण काउंटरवर असूनही नसतो. मग म्हणायचं, ‘यून त्रादिस्याँ, सिल व्हू प्ले.’ नुसता ‘बागेत’, म्हणजे नेहमीचा लांबुडका फ्रेंच पाव नाही, त्रादिस्याँ. १९९३च्या सरकारी नियमानं त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच, वरची रसायनं नाहीत. अडीचशे ग्रॅमचा हा दांडा त्याच दिवशी संपवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाटणं म्हणून वापरता येतो.

शाकाहाऱ्यांनी ‘सालाद’ या शब्दावर भाळू नये, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. किश लोरेन या खाऱ्या पायमध्येही तेच. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात शिजलेलं. इंग्लंडमध्ये मेन्यूवर ‘व्ही’ लिहिलेलं असतं, फ्रान्समध्ये विचारावं लागतं. सुरक्षित वाट म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली गालेत नावाची पातळ पोळी. उत्तर भारतात उपासाला कुट्टू खातात, त्याच पिठाची. पीठ, पाणी, मीठ. काही तास मुरवायचं, मग तापलेल्या गोल लोखंडी तव्यावर लाकडी दांडीनं फिरवून पातळ पसरायचं. घावनाची मावसबहीणच, फक्त चारी कडा दुमडून चौकोनी करतात. ‘काँप्लेत’ नावाच्या गालेतमध्ये चीज, अंडं आणि हॅम येतं, म्हणून ‘सां जांबों’ म्हणजे हॅम नको, हे दोन शब्द घोकून जावेत. पॅरिसमध्ये मोंपारनास स्टेशनभोवती अशी दुकानं पुष्कळ, कारण ब्रिटनीच्या गाड्या तिथंच येतात. पाणी हवं तर ‘यून काराफ दो’ म्हणावं, नळाचं फुकट येतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं, की बाटली येते आणि बिलावर बसते.

आणि प्रेक्षणीय स्थळं? ती चुली बंद असतात त्या वेळात बसवायची, दोन ते सात. संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. दोन्ही दिवस पॅरिसमध्ये घालवणारे लोक मला ठाऊक आहेत. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, म्हणजे समोरच्या माणसानं उंच धरलेल्या फोनच्या पडद्यावर ती बऱ्यापैकी दिसते.

परतीचा प्रवास लंडनहून असेल, तर पॅरिसमध्ये हौसेनं चीज घेऊन बॅगेत भरू नये. एप्रिल २०२५पासून ब्रिटनमध्ये युरोपातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घेतलंच असेल, तर अडीचशे ग्रॅमचा कामाँबेर चीजचा गोळा गाडीत बसायच्या आधी संपवावा लागतो. चार माणसं, एक त्रादिस्याँ, प्लास्टिकची सुरी आणि गार द्यु नॉरचा एखादा बाक. वास सुटतो. शेजारचे उठून जातात. बाकावर ऐसपैस जागा होते, आणि वर टांगलेल्या घड्याळात किती वाजलेत ते कुणी बघत नाही.