टाचेतल्या रक्ताच्या थेंबाविषयीही लिहावे
गळ्यातील थायरॉइड ग्रंथीविषयीच्या वैद्यकीय परिषदेचा जो वृत्तांत आपण प्रसिद्ध केला, त्यात या ग्रंथीच्या गाठींवरील नव्या उपचारांना भरपूर जागा मिळाली, परंतु नवजात बालकांच्या तपासणीचा विषय एका ओळीत उरकला, याची खंत वाटते. थायरॉइड संप्रेरकाची जन्मजात कमतरता असलेले बाळ बहुधा इतर बाळांसारखेच दिसते; म्हणूनच जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेला सुई टोचून, रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासणे आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू करणे, यावर त्याच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. माझ्या भाचीच्या बाळाला या उपचाराची इवलीशी गोळी चुरडून, चमचाभर आईच्या दुधात कालवून रोज सकाळी दिली जाई. आज ते बाळ शाळेत जाते. गलगंड, म्हणजे थायरॉइड सुजण्याचा विकार, याच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्येच सुरू करणाऱ्या आपल्या देशात ही साधी तपासणी अजूनही प्रत्येक प्रसूतिगृहात होत नाही. त्याविषयी परिषदेत झालेली चर्चा कृपया सविस्तर द्यावी.