'नक्की मिळणारं कॉलेजच पहिलं टाका' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो, माझ्याकडे तो एका दिवसात चार ग्रुपवरून आला. "पहिल्या नंबरला नक्की मिळणारं कॉलेजच टाका, वरची कॉलेजं टाकलीत तर सिस्टीम तुम्हाला मागे ढकलते. दहाच ऑप्शन भरा. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या खाली असाल तिथे नावच टाकू नका. आणि सेफ्टीसाठी एक मॅनेजमेंट सीट आधीच धरून ठेवा." इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडबद्दल, म्हणजे सरकारच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्यांबद्दल आहे हे सगळं आणि आईवडील ते खरं मानून चाललेत, म्हणून एकेक घेतो.

आधी ते मागे ढकलण्याचं. असं काही होत नाही. कॉम्प्युटर मेरिट लिस्टच्या वरून सुरुवात करतो, एकेका मुलाची यादी वरून खाली बघतो आणि त्याच्या कॅटेगरीत, त्याच्या कोट्यात जी पहिली सीट शिल्लक दिसेल ती देऊन टाकतो. समजा तुमचा मेरिट नंबर १४००० आहे, तुम्ही पहिलं पुण्याचं सीओईपी टाकलं, दुसरं मुंबईचं व्हीजेटीआय आणि कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज नवव्या नंबरला. वरची आठ भरली असतील तर तो नववं बघणार, आणि १४००१ नंबरवाल्याने तेच कराड पहिलं टाकलेलं असलं तरी त्याच कोट्यातली ती सीट तुमचं झाल्याशिवाय त्याला जाणार नाही. तुम्ही नववं टाकलं म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणजे वर मोठी कॉलेजं लिहिण्यात नुकसान शून्य आहे.

उलट नुकसान मेसेजवाल्याचं ऐकण्यात आहे, आणि हे फार कमी लोकांना कळलंय. पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, पुढच्या राउंडला तुम्ही नाही. २०२५ च्या प्रवेशापासून तर दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही मिळालं की तेच घ्यायचं असा नियम आलाय. आता विचार करा, 'नक्की मिळणारं' पहिलं टाकलंत तर ते मिळणारच, आणि पहिल्याच राउंडला दार बंद. पुढच्या राउंडला वरच्या सीटा मोकळ्या होतात (जेईईमधून एनआयटी वगैरे मिळालेली मुलं जातातच), त्या तुम्हाला नुसत्या बघत बसाव्या लागतात.

कटऑफचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त घोळ होतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी, बारावी कराडला झालेली, ९१ पर्सेंटाईल, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने यादी करून आली होती. पुण्याची सगळी कॉलेजं तिने खोडली होती किंवा चुकीच्या क्रमाने लावली होती. का, तर मोबाईलवर कटऑफची पीडीएफ झूम करून ती भलतीच ओळ वाचत होती. तिथे प्रत्येक प्रकारच्या सीटला एक कोड असतो, त्याचं शेवटचं अक्षर बघायचं असतं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीची मुलं, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आणि सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची सीट. बारावी जिथून पास झालात त्यावरून होम ठरतं, तिचं होम शिवाजी विद्यापीठ, म्हणजे पुण्याच्या खाजगी कॉलेजात तिने ओ ची ओळ बघायला हवी आणि सांगलीच्या खाजगी कॉलेजात एच ची. ती सगळीकडे एच बघत होती, ते पण एल नसलेलं, सर्वसाधारण सीटांचं. शिवाय पर्सेंटाईलपेक्षा मेरिट नंबर बघा, पीडीएफमध्ये दोन्ही छापलेले असतात. दरवर्षी किती पोरं बसली, कुठल्या ब्रँचच्या किती सीटा वाढल्या यावर कटऑफ हलतो, थोडा खाली असाल म्हणून नाव खोडायचं काहीच कारण नाही.

दहाच ऑप्शन का म्हणे? ३०० पर्यंत भरता येतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीची सीट असते, तिचा कोड वेगळा असतो, म्हणजे एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचला दोन ओळी लागतात, माफीवाली वर आणि साधी खाली. दहात काय काय बसवणार? फक्त जिथे जायचंच नाही ते भरू नका.

आणि मॅनेजमेंट सीट, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी एका कॉलेजातून रोज फोन यायचा, दोनच सीटा राहिल्यात म्हणून. वडिलांनी घाबरून पैसे भरले, नंतर कॅपमधून चांगलं मिळालं आणि ते पैसे आणि ओरिजिनल मार्कशीट सोडवायला आमचे तीन आठवडे गेले. ओरिजिनल अडकवून ठेवायची परवानगीच नाहीये कॉलेजला, पण तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट, कॅपबाहेरून घेतलेल्या सीटला सरकारी फी सवलत मिळत नाही. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, पण कॅपमधून आलात तर. गल्लीतल्या त्या मुलीच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते टोकन भरायला दुसऱ्या दिवशी निघणारच होते.

शेवटी ४३ ऑप्शन झाले तिचे. तिला खरंच जिथे जावंसं वाटतं त्या क्रमाने लावले, पहिली पाच तिच्या नंबरला जवळपास अशक्य आहेत तरी ठेवली. रात्री साडेअकराला कन्फर्म करून प्रिंट काढली, कारण नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत, कन्फर्म करावाच लागतो.