मिस्सा कॉन्स्टंटाईनने सुरू केली नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती धर्म साधासुधा होता. मग रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३२५ मध्ये नायसिया (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या बिशपांच्या परिषदेत मतं घेऊन येशूला देव ठरवलं, बायबलची पुस्तकं निवडली, आणि रविवारची उपासना, बिशप (चर्चचे प्रमुख धर्माधिकारी), मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची उपासना) हे सगळं तिथून सुरू झालं, असं त्याचं म्हणणं. आपल्यातले शिकलेसवरलेले कॅथलिकही हे वाचून गप्प बसतात, याचं मला वाईट वाटतं. उत्तर त्या तीनशे वर्षांतल्याच लोकांनी लिहून ठेवलंय.

आधी मिस्सा आणि रविवार. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. रविवारी शहरातले नि खेड्यापाड्यातले लोक एके ठिकाणी जमतात, असं तो सांगतो. प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) आठवणी किंवा संदेष्ट्यांची पुस्तकं वेळ असेल तितकी वाचली जातात. मग प्रमुख उपदेश करतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रमुख उपकारस्तुती म्हणतो, लोक ‘आमेन’ म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (चर्चचे सेवक) प्रसाद घेऊन जातात. ऐपतदार दान देतात, ते अनाथ, विधवा, आजारी आणि कैद्यांसाठी. ही भाकर आम्ही साधी भाकर म्हणून घेत नाही, ते येशूचं शरीर आहे, हेही तो लिहितो. वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी जा, हाच क्रम दिसेल. तेव्हा कॉन्स्टंटाईन जन्मायला शंभराहून जास्त वर्षं होती. ३२१ मध्ये त्याने रविवारी न्यायालयं आणि शहरांतले कामधंदे बंद ठेवायचा हुकूम काढला, एवढंच.

बिशप? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सीरियातल्या अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मरायला नेत होते. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. बिशप, वडील (म्हणजे चर्चमधले धर्मगुरू) आणि डीकन यांना धरून राहा, हे त्यांत पुन्हा पुन्हा येतं.

याच पत्रांत तो ‘आपला देव येशू ख्रिस्त’ असं सहज लिहून जातो. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की ख्रिस्ती माणसं पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. नायसिया याच बिथिनियात आहे! म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी त्याच प्रांतात हे चाललं होतं. परिषदेतला वाद वेगळा होता: पुत्र पित्याइतकाच अनादि आहे, की एरियस नावाचा धर्मगुरू म्हणतो तसा निर्माण केलेला?

बायबलची यादी तिथे झालीच नाही. परिषदेच्या वीस नियमांत ती कुठेच नाही. नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) आजची २७ पुस्तकं नेमकी तशी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात दिसतात.

आणि सम्राटाने आपलं मत चर्चवर लादलं म्हणावं, तर त्याच अथनेशियसला, नायसियाच्या खंद्या समर्थकाला, कॉन्स्टंटाईननेच ३३५ मध्ये ट्रियरला (आजच्या जर्मनीत) हद्दपार केलं. ३३७ मध्ये मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसची बाजू घेणाऱ्या निकोमिडियाचा बिशप युसेबियस याच्याकडून.

आता आपल्या बाजूचीही एक अतिशयोक्ती. आजची सगळी कॅथलिक शिकवण आद्य लेखकांत जशीच्या तशी आहे, असं काही धर्मबंधू ठासून सांगतात. ते खरं नाही. ल्योंचा बिशप आयरेनियस याने १८० च्या सुमारास रोमच्या बिशपांची यादी दिली आणि रोमच्या चर्चला मोठा मान दिला. पण कार्थेजचा बिशप सिप्रियन पुढे, पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा की नाही यावरून पोप स्टीफनशी उघड भांडला. पोपची अस्खलनशीलता (विशिष्ट परिस्थितीत त्याची शिकवण चुकू शकत नाही, ही श्रद्धा) सिद्धांत म्हणून मांडली गेली ती १८७० मध्ये. बीज जुनं आहे, वाढ शतकानुशतकांची आहे, आणि हे कबूल करायला कॅथलिकांनी मुळीच घाबरू नये. जस्टिनची ६५ ते ६७ ही तीन छोटी प्रकरणं इंग्रजीत इंटरनेटवर मोफत आहेत. तो मजकूर पुन्हा आला की सरळ तीच पाठवा.