पुढचा शाफ्ट काढून टाका म्हणे!

"काका, पुढचा शाफ्ट काढून टाका की, अ‍ॅव्हरेज वाढंल!"

हे मला आता झोपेतही ऐकू यायलंय. पंपावरचा पोरगा, मिस्त्री, आमचा मेहुणा, सगळे एका सुरात. अरे, माझी जोंगा जीप आहे ती! जबलपूरला फौजेसाठी बनलेली, निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवर बेतलेली. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. तिला अ‍ॅव्हरेज विचारणं म्हणजे म्हशीला चाऱ्याचा हिशेब मागणं. आणि शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा दांडा; तो काढला की पुढची चाकं नुसती ओढत न्यायची. मग चारही चाकांना ताकद देणारी, फोर बाय फोर कशाला म्हणायचं तिला?

हाच शहाणपणा आधीच्या मालकानं केला होता. शाफ्ट गायब! वर्षभर भंगारात हिंडलो, परभणी ते जालना. मिळाला तोही वाकडा. लेथवर सरळ करून, बॅलन्स करून घेतला. ऑइल सील मापाचं मिळेना. मिस्त्री म्हणतो, "उद्या या." तो उद्या तीन महिन्यांनी उगवला.

बरं, शाफ्ट बसला, तर दुसराच उपद्रव. पुतण्यानं डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून गाडी वळवली. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही तिला, फोर बाय फोर टाकलं की दोन्हीकडची एकाच वेगानं फिरतात. वळणावर सगळं ताणून बसतं, लिव्हरच निघेना. आमच्या काळ्या रानात, पावसात पायातली चप्पल चिखल गिळतो तिथं टाक ना बाबा!

आज परत मिस्त्री म्हणाला, "डिझेल इंजिन टाकू का?"